साठचे आठ: कानाच्या तक्रारीतून सापडलेला किडनीचा आजार

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. शालाक्य हा आवडीचा विषय, त्यामुळे कान-नाक-डोळ्यांचे पेशंट जरा जास्त येतात. हे प्रकरण त्यातलंच. घरच्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र आहे तशीच ठेवली आहे.

मुलगा १४ वर्षांचा, आठवीत. आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळी सांगली-कोल्हापूरकडे निघते, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतते. पोरगा आजोळी, आईच्या आईकडेच राहतो. जुलैत आजीच त्याला घेऊन आली. "लेकराला ऐकूच येईना झालंय मॅडम. बाई म्हणतात, ध्यान देत नाही. घरी दहा हाका मारल्या की एकदा ओ देतंय."

मी कानात पाहिलं. मळ नाही, पू नाही, पडदा दोन्हीकडे चकचकीत. पोरगा समोर बसून माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. तो माझ्या ओठांकडे बघतो आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. वाताचं बाधिर्य, म्हणजे वातामुळे आलेलं बहिरेपण, असा शिक्का मारून मोकळी झाले. बिल्व तेलाचं कर्णपूरण, म्हणजे कानात तेल सोडणं, सुरू केलं. बेलफळ, गोमूत्र आणि शेळीचं दूध घालून सिद्ध केलेलं हे तेल बाधिर्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. जोडीला सारिवादी वटी दिली. दर आठवड्याला आजी त्याला आणायची, तो एका कुशीवर पडायचा, मी कोमट तेल सोडायचे, कानामागे हलकं चोळायचे. पोराला बरं वाटायचं, मलाही वाटायचं. असे दोन महिने गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आजी एकटीच आली. लेकराला सर्दी-ताप आहे, आज तेलाला येत नाही, असं सांगायला. निघताना दारात थांबून म्हणाली, "आन् उन्हाळी पण लागलीय त्याला. कोऱ्या चहावानी लघवी होतीय. धने-जिऱ्याचं पाणी दिलंय."

"आग होते का?"

"नाय. आग बी नाय, ठणका बी नाय. त्याला सर्दी झाली की असंच होतं. पहिल्यापासून."

उन्हाळी लागली की पोरं लघवीला जायला रडतात. आग नाही, ठणका नाही, नुसता रंग बदलतो आणि तोही सर्दी-तापाबरोबरच, ही उन्हाळी नव्हे. आणि हे "पहिल्यापासून" होतं! दोन महिन्यांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. दर्शन, स्पर्शन, प्रश्न अशी आपली त्रिविध परीक्षा. मी दर्शन केलं, तेल लावून भरपूर स्पर्शन केलं आणि प्रश्न शिल्लक ठेवला.

ताप उतरल्यावर त्याला बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की घुमणारा धातूचा चिमटा) आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानापुढे धरला. दोन्ही बाजूंना हवेतून जास्त ऐकू आलं, म्हणजे पडदा आणि हाडांची साखळी ठीक. दोष आतल्या कानात. मग मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि हळू आवाजात एकेक शब्द म्हणत गेले. मी म्हणाले "साठ", तो म्हणाला "आठ". "साप" म्हणाले, तो "आप" म्हणाला. "शाळा" म्हटलं तर जरा थांबून "आळा". "गाडी", "बैल", "दोन" मात्र बिनचूक. स आणि श हे उंच पट्टीचे आवाज, नेमके तेच गळत होते. मग त्याने दप्तरातून गणिताची वही काढून दाखवली. बाईंनी तोंडी घातलेल्या गणितात जिथे साठ, तिथे त्याने आठ मांडले होते आणि पुढची आकडेमोड अगदी बरोबर केली होती. त्या पानावर लाल शाईत शेरा होता: "लक्ष नाही."

"रात्री रातकिडे ऐकू येतात का रे?" मी विचारलं.

"कुठले रातकिडे?"

आजी कपाळावर हात मारून म्हणाली, सोयाबीनच्या रानात रात्री नुसता किरकिराट असतो.

रक्तदाब १३४/८६ भरला. चौदाव्या वर्षी हा जास्तच. लघवीत तपासणीची पट्टी बुडवली तर रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला, प्रथिनं दोन अधिक. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, ०.९ आलं. रिपोर्टच्या कागदावर समोर छापलं होतं: १.३ पर्यंत नॉर्मल. इथे अनेकजण फसतात. ती मर्यादा मोठ्या माणसाची असते. मुलांची किडनी किती गाळते याचा अंदाज काढायला उंचीचा हिशेब धरावा लागतो: ०.४१३ गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले क्रिएटिनिन. पोराची उंची १४८. उत्तर आलं ६८. निरोगी मुलात ते ९० च्या वर असायला हवं. म्हणजे ज्या कागदावर नॉर्मल लिहिलं होतं, त्याच कागदाप्रमाणे किडनीचं सुमारे चौथाई बळ सरलेलं होतं.

त्याच दिवशी मी वटी बंद केली. सारिवादी वटीत अभ्रक भस्म आणि लोह भस्म असतं. किडनीची अवस्था माहीत नसताना पोराला दोन महिने खनिजकल्प दिला, हे मला आजही टोचतं. त्या वटीनेच नुकसान झालं असं म्हणायला आधार नाही, आजार जन्माचाच होता. पण बहिरेपणाच्या मुलाची लघवी तपासायला पाच मिनिटं आणि एक पट्टी लागते. ती मी वापरली नव्हती.

आजीला समोर बसवून विचारलं, घरात आणखी कुणाला कमी ऐकू यायचं का?

ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "माझा लेक. ह्याचा मामा. टोळीत त्याला बहिराच म्हणायचे. मुतखड्यानं गेला." वय २७. कारखान्यावर असताना अंगाला सूज आली, दम लागला, कुणी मुतखडा म्हणालं, कुणी काविळीचं पाणी झालं म्हणालं. अंग दुखतं म्हणून हंगामभर वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शनं चालू होती. मुतखड्याने पोटात कळ येते. सूज आणि दम हे किडनी संपल्याचं लक्षण. मागे बायको आणि एक वर्षाची मुलगी राहिली. दोघी आजीच्याच घरात राहतात. मुलगी आता १० वर्षांची आहे.

बहिरा मामा, तरुणपणी किडनीने गेलेला. भाचा, सर्दीबरोबर लाल लघवी, उंच पट्टीचं ऐकणं कमी. हे चित्र आर्थर सेसिल आल्पोर्ट या डॉक्टराने १९२७ साली लंडनमधून एका घराण्याबद्दल लिहून ठेवलं आहे: पुरुष तरुणपणी जातात, बायका लघवीत रक्त असूनही पुष्कळ जगतात, आणि बहिरेपण त्याच घरात फिरत राहतं. आजाराला आज त्याचंच नाव आहे, आल्पोर्ट सिंड्रोम.

पुढचं काम माझ्या हातातलं नव्हतं. अंबाजोगाईला कानाचा आलेख काढला: खालच्या पट्टीत ऐकणं जवळपास नॉर्मल, २००० हर्ट्झपासून पुढे दोन्ही कानांत ५० डेसिबलपर्यंत घसरण. संभाजीनगरच्या किडनीतज्ज्ञांनी लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं, ते १.४ होतं, ०.२ च्या आत हवं. सोनोग्राफीत किडन्या आकाराने ठीक. डोळे तपासले, तिथे अजून काही नव्हतं. या आजारात काहींच्या डोळ्यातलं भिंग पुढे टोकदार होतं आणि प्रकाश टाकला की तेलाच्या थेंबासारखं दिसतं, ते पुढेमागे बघत राहावं लागेल. शेवटी रक्त जनुकीय तपासणीला गेलं. एक्स गुणसूत्रावरच्या सीओएल४ए५ या जनुकात दोष निघाला.

आता कान आणि किडनी यांचा यात संबंध काय? किडनीच्या गाळणीत, आतल्या कानातल्या शंखात आणि डोळ्याच्या भिंगाच्या वेष्टनात एकाच जातीचं अस्तर असतं, चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचं. आपल्याकडे चऱ्हाट वळतात ना, तीन पदर घेऊन, तसं हे कोलॅजन तीन साखळ्यांच्या पिळाचं. गर्भात किडनी घडू लागते तेव्हा साध्या पिळाचं अस्तर असतं. गाळणी पक्की होते तशी त्या जागी अल्फा तीन, चार आणि पाच अशा साखळ्यांची चिवट वीण येते. पाचवी साखळीच सदोष असेल तर तिपेडी पीळ बसतच नाही. पोर मोठं होतं, रक्ताचा जोर वाढतो, आणि गाळणी मात्र गर्भातल्याच अस्तरावर चालते. म्हणून आधी रक्त गळतं, मग प्रथिनं, मग गाळणी वणांनी भरत जाते. कानाच्या शंखातही तेच अस्तर कच्चं राहतं आणि ऐकणं शाळेच्या वयापासून घसरतं. मुलगा जन्मतः ऐकत असतो, त्यामुळे बाळपणीच्या चाचणीत तो सुटतो.

कोलॅजन हा एक दुवा झाला. दुसरा औषधांचा आहे आणि आमच्या भागात तो जास्त उपयोगाचा, कारण इंजेक्शन घेतल्याशिवाय बरं वाटत नाही असा इथला समज. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं किडनीच्या नलिकांच्या पेशींत आणि कानाच्या केसाळ पेशींत साठून राहतात. दोन्हीकडे नुकसान करतात. किडनीचं नुकसान पुष्कळदा भरून येतं, कानाचं येत नाही. सूज उतरवणारं फ्युरोसेमाइड किडनीत मिठाची जी वाहतूक अडवतं, तशीच वाहतूक कानातल्या द्रवाचा विजेसारखा भार टिकवायला लागते. म्हणून शिरेतून झपाट्याने दिलं तर कान गुणगुणतात, कधी ऐकूच येत नाही. कर्करोगातलं सिस्प्लॅटिनही याच माळेतलं. तेव्हा ज्याची किडनी दुबळी, त्याचा कान औषधाच्या चिठ्ठीवरही अवलंबून असतो.

आता माझ्या शास्त्राकडे येते, कारण ओळखीच्या दोघा वैद्यांनी हे प्रकरण ऐकताच मान डोलावली: "किडनीचं दार कान, आयुर्वेदात सांगितलंच आहे." कुठे सांगितलं आहे, असं विचारलं की उत्तर येत नाही. कारण ती कल्पना चिनी वैद्यकाची. त्यांच्या शास्त्रात वृक्काचं, म्हणजे किडनीचं, बाह्य द्वार कान मानतात, आणि ॲक्युप्रेशरच्या तक्त्यांमधून ती आपल्याकडे येऊन आयुर्वेदाच्या नावावर जमा झाली. संहिता उघडल्या तर श्रोत्र, म्हणजे कान, आकाश महाभूताचं. वाग्भट वाताची स्थानं सांगताना पक्वाशय (मोठं आतडं), कटी (कंबर), सक्थी (मांड्या), श्रोत्र, अस्थी आणि स्पर्शनेंद्रिय एका दमात सांगतो. वृक्कांना चरक मेदोवह स्रोतसाचं, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गाचं, मूळ म्हणतो, सुश्रुत त्यांची उत्पत्ती रक्त आणि मेदाच्या प्रसादभागातून, म्हणजे सार अंशातून, मानतो. मूत्रवह स्रोतसाच्या मुळात वृक्क नाहीत, तिथे बस्ती, म्हणजे मूत्राशय, आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात २८ कर्णरोग मोजले, त्यांच्या निदानात वृक्काचं नाव मला सापडलं नाही. कटी आणि श्रोत्र वाताच्या एका यादीत येतात, हा धागा आहे. पण तेवढ्या धाग्यावर किडनी टांगायची असेल तर मांड्या आणि हाडंही टांगावी लागतील, ती त्याच यादीत आहेत.

मला चरकात जे उपयोगी सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी, शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात. बीजाचा जो जो भाग उपतप्त, म्हणजे बिघडलेला, असेल, त्या त्या अवयवाची विकृती होते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. सुश्रुत आदिबलप्रवृत्त व्याधी सांगतो, शुक्र-शोणिताच्या, म्हणजे आई-बापाच्या बीजाच्या, दोषातून आलेले, आणि त्यांचे मातृज-पितृज असे दोन भाग करतो. म्हणजे हा कुळातून आला का, आईकडून की बापाकडून, हा प्रश्न वैद्याने विचारायचाच आहे. तो मी विचारला असता तर दोन महिने तेल गेलं नसतं. गंमत म्हणजे चरकाच्या मातृज भावांच्या, म्हणजे आईकडून येणाऱ्या अवयवांच्या, यादीत वृक्क आहेत, आणि या घरातला दोषही आईकडूनच आलेला! वाचताना अंगावर काटा आला खरा. पण त्याच यादीत त्वचा, मांस, हृदय, यकृत, प्लीहासुद्धा आहेत आणि श्रोत्र नाही, तेव्हा चरकाला एक्स गुणसूत्र ठाऊक होतं असं कुणी माझ्या नावावर सांगू नये. आणखी एक. बालपणीचं, म्हातारपणीचं आणि जुनाट बाधिर्य हाती घेऊ नका, असा इशारा आपल्याच परंपरेत आहे. रोजच्या कर्णतर्पणाचे गुण चरकाने गायलेत ते वातामुळे होणारे रोग टाळण्यासाठी. पोराच्या कानात मी जे ओतत होते ते तेल दोषी नव्हतं, जागा चुकली होती.

उपचार मोजकेच आहेत. तज्ज्ञांनी रॅमिप्रिल लहान मात्रेत सुरू केलं, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहून वाढवलं. रक्तदाबासोबत गाळणीतला दाब आणि प्रथिनांची गळती कमी करणं हे त्याचं काम. युरोपातल्या आल्पोर्ट रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ साली दिसून आलं की ही औषधं लवकर सुरू केलेल्यांची किडनी कितीतरी वर्षं उशिरा निकामी होते. कोलॅजन दुरुस्त करणारं औषध ॲलोपॅथीत नाही, आमच्याकडेही नाही. माझ्याकडे उरलं ते मीठ, लोणचं, पापड यांचं आजीशी भांडण, आणि उलटी-जुलाब झाले की रॅमिप्रिल थांबवून फोन करायचा ही तंबी. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगातलं पाणी आटलेलं असताना ही गोळी किडनीवर उलटू शकते. कानाची मशीन सरकारी योजनेतून मिळाली. घामाने ती बिघडते म्हणून पोरगा शेतात जाताना काड्यापेटीत ठेवतो. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, आणि आता आकडा बोलतानाच त्या तो फळ्यावरही लिहितात.

बापाच्या खिशात मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड दिलं आहे: किडनीचा आनुवंशिक आजार, कान कमजोर, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, जेंटामायसिन, अमिकासिन देऊ नयेत. पोरगा दिवाळीच्या सुटीत आई-बापाकडे फडावर गेला आणि तापला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कार्ड वाचून मला फोन केला. जरा चिडलेलेच होते. "हे देऊ नका, ते देऊ नका, मग देऊ काय?" आम्ही बोलून पॅरासिटामॉलवर भागवलं.

वर्षानंतर प्रथिनांचं गुणोत्तर ०.६ आहे. उंची १५३ झाली, क्रिएटिनिन १.०, हिशेब ६३ येतो. म्हणजे घसरण थांबलेली नाही, मंदावली असावी.

खरी अडचण औषधाची नव्हती. आजी आणि आई दोघींच्या लघवीत सूक्ष्म रक्त निघालं. या आजारात स्त्रिया नुसत्या वाहक, म्हणजे दोष पुढे पोचवणाऱ्या, असतात असं पूर्वी म्हणत, ते बरोबर नाही. मोठ्या अभ्यासात ९० टक्के पुरुषांची किडनी चाळिशीच्या आत गेली, स्त्रियांतही १२ टक्क्यांची गेली. आईला आज काही त्रास नाही, पण पुढे मुलाला किडनी द्यायची वेळ आली तर सगळ्यात आधी हात पुढे करणारी तीच, आणि सगळ्यात शेवटी विचार करावा लागेल अशीही तीच.

आणि मामाची मुलगी. बापाला एकच एक्स असतो आणि तो प्रत्येक लेकीला जातो. मामा आजारी होता, म्हणजे ही मुलगी तपासणीविनाच वाहक ठरते. तिच्या लघवीतही रक्त निघालं. आमच्याकडे मामाची पोरगी भाच्याला, हे पाळण्यातच बोललं जातं, आणि या घरातही बोललेलं होतं. मी आजीला दोन जोंधळे आणि दोन तुरीचे दाणे टेबलावर मांडून दाखवलं. ह्याचं लग्न बाहेर झालं तर ह्याचे मुलगे सुटतात, मुली वाहक होतात. मामाच्या मुलीशी झालं तर मुलग्यांतले निम्मे आजारी, आणि मुलींतल्या निम्म्यांना दोन्हीकडून दोष, म्हणजे त्यांचं दुखणं मामासारखं.

आजी दाण्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याच्यासाठी नको म्हणता, तर मग तिला करील कोण?"

मामी पलीकडे उभी होती. इतका वेळ गप्प होती ती एकदम बोलली. "पोरीच्या नावानं कागद करू नका मॅडम. पायजे तवा तपासा, पण लिहू नका."

मुलगी दर वर्षी येते. मी रक्तदाब बघते, लघवीत पट्टी बुडवते, रंग बघून पट्टी डब्यात टाकते. माझ्या वहीत तिच्या पानावर निदानाची जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेवर कधीतरी कुणी दुसरा डॉक्टर तिला अमिकासिन देईल, अशी धास्ती मला आहे. म्हणून कार्ड तिलाही दिलं आहे, त्यावर आजाराचं नाव नाही, नुसती औषधांची यादी. मामीने ते वाचून घेतलं, घडी केली आणि ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवलं.